तुझं पहाटेचं लग्न

काशिनाथ, तुला जाऊन महिना होत आला. लोक आले, बसले, चहा पिऊन गेले. सगळे एकच म्हणत होते, "काशीभाऊ लय भला माणूस." मी मान हलवत होते. भला होतास, त्यात खोटं काही नाही. पण हट्टीही होतास, आणि आपण दोघं भाऊ-बहीण शेवटपर्यंत भांडत होतो, हे कोणी म्हणालं नाही. ते मलाच माहीत आहे, म्हणून मीच लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं. हे तूच म्हणायचास.

मी तुझ्याशी शेवटचं बोलले ते "बघते" एवढंच. अंगणात तू चपला घालत होतास. पेठहून नाशिकची एसटी गाठायची म्हणून घाई होती. तू विचारलंस, "बाय, सुनावणीला येशील ना?" मी सुपातून मान वर न करता म्हटलं, "बघते." तू थोडा वेळ थांबलास. मी अजून काही बोलेन असं तुला वाटलं असावं. मी बोलले नाही. चौथ्या दिवशी तुझ्या पोराचा फोन आला.

तेव्हा जे बोलले नाही, ते आता बोलते. पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

तू नोकरीला लागलास तेव्हा तुझं ऑफिस मी पाहायला आले होते. नाशिकात कुणाच्या तरी घराच्या दोन भाड्याच्या खोल्या. बाहेर पाटी, 'आदिवासी विकास'. आत चार टेबलं आणि लोखंडी कपाट. मी दारात चप्पल काढली आणि खाली बसले. तू लाल झालास. माझा दंड धरून उठवलंस आणि खुर्चीवर बसवलंस. म्हणालास, "हे आपलं ऑफिस हाय बाय. इथं तरी खाली बसू नको." तुझे साहेब बघत होते. मला खुर्ची टोचत होती, पण उठले नाही.

नंतर ते ऑफिस दुसरीकडे गेलं, मग तिसरीकडे, मग मोठी इमारत झाली, तिला लिफ्ट आली. आपल्या डोंगरात आश्रमशाळा आली, तिला वसतिगृह आलं, स्वयंपाकीण आली. दर वेळी तू गावी येऊन सांगायचास, आता ही योजना आली, आता हा नवा साहेब आला, आता अर्ज असा भरायचा. शनिवारच्या बाजारात बोहारणीच्या शेजारी गोणपाट टाकून बसायचास आणि लोकांचे अर्ज भरून द्यायचास. मी म्हणायचे, "तू ऑफिसात साहेब आणि बाजारात भांडीवाला." तू हसायचास.

एक गोष्ट कबूल करते. आश्रमशाळेत मुलींच्या न्हाणीघराला दार नव्हतं. पोरी एकमेकींना लुगड्याचा आडोसा धरून अंघोळ करायच्या. त्या दारासाठी तू तीन वर्षं कागद लिहिलेस. एक साहेब बदलला की दुसऱ्याकडे पहिल्यापासून. शेवटी दार आलं तेव्हा ते उलटं बसवलं होतं, कडी बाहेरून. तू रविवारी स्वतः पाना घेऊन आलास आणि कडी आतून केलीस. तुझी नात रोहिणी त्याच शाळेत शिकली, त्याच दारामागे अंघोळ करून. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. तुझ्या डोक्यात चढलं असतं.

आता लग्नाचं.

सोमी आत्याने मला धवळा शिकवला तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची. आपल्या वारल्यांत लग्न बाई लावते. तिला धवळेरी म्हणतात. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, चौकासमोर नवरा-नवरी बसवायची, आणि धवळेरीने धवळा म्हणायचा. तो म्हटला की लग्न झालं. आत्याने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. समोर जोडी असल्याशिवाय धवळा म्हणायचा नाही. सरावालाही मोठ्याने नाही, मनातल्या मनात. मी गावोगाव लग्नं लावली. पाच-सहा पाड्यांत एकच धवळेरी होती, ती मी.

आणि माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात तू मला म्हणालास, "बाय, तेवढं धवळ्याचं राहू दे. ऑफिसातले लोक येणार. भटजी सांगितलाय."

मी म्हटलं, "लाज वाटते का रे?"

"लाज नाय. पण ते हसतील."

"हसू देत ना. त्यांच्या तोंडाला काय जातं?"

मध्येच आई बोलली. तिने तुला सरळ सांगितलं, धवळा झाला नाही तर मी या घरात सुनेला पाणी देणार नाही. मग ठरलं ते तुझ्या स्वभावासारखं ठरलं. दोन्ही करायचं. पहाटे, पाहुणे यायच्या आधी, दार लावून. आईने चौक लिहिला. तू आणि मंजुळा पाटावर बसलात. तू दोनदा दाराकडे बघून म्हणालास, "हळू म्हण बाय, हळू." मी आयुष्यात पहिल्यांदा धवळा कुजबुजत म्हटला. दुपारी मांडवात भोंगा लागला, पेठहून भटजी आले, तुझ्या साहेबांनी अक्षता टाकल्या आणि फोटो निघाले. मी त्या फोटोत कुठे नाही. मी मागे पत्रावळी मोजत उभी होते.

तेव्हापासून आत काहीतरी रुतून राहिलं. मी ते काढलं नाही. काढायची गरज वाटली नाही. भाऊ-बहीण म्हणून येणं-जाणं चालू राहिलं, भाऊबीज झाली, तुझी पोरं मी सांभाळली. ते मात्र तसंच राहिलं.

मग जातीचे दाखले तपासणारी पडताळणी समिती आली. तुला आठवतं, तूच ती मागत होतास. तुझ्या ऑफिसात खोट्या दाखल्यावर लागलेले दोघे होते, आपल्या पोरांच्या जागा खात होते. तू मोर्चाला गेलास, निवेदनं लिहिलीस. म्हणायचास, "चाळणी पाहिजे. खरा कोण, खोटा कोण, कळायला पाहिजे." मी म्हटलं होतं, "चाळणी आली की तीत सगळेच पडतात." तू म्हणालास, "पडू देत. खऱ्याला काय भीती?"

खऱ्याला काय भीती ते यंदा कळलं. रोहिणीचा डॉक्टरकीला नंबर लागला. आपल्या पाड्यावरून पहिली. कॉलेजने सांगितलं, जातीची पडताळणी झालेला दाखला आणा, नाहीतर जागा जाईल. तारीख दिली. आपल्या घरात तो दाखला कोणाकडेच नाही. तू नोकरीला लागलास तेव्हा ती समितीच नव्हती, आणि तुझ्या पोराला कधी लागला नाही. तुझ्या शाळेच्या रजिस्टरला गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहून ठेवलेलं. वारली हा शब्द नाही. म्हणून समितीने माणूस पाठवायचं ठरवलं, घरी जाऊन रीतिरिवाज विचारायला. देव कोणते, मेल्यावर काय करता, लग्न कोण लावतं. जुळलं तर खरे, नाही जुळलं तर खोटे. घरात सगळ्यात म्हातारी मी, म्हणून तो माझ्याकडे येणार होता.

आदल्या दिवशी तू फोन केलास. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. "बाय, खरं ते सगळं सांग. धवळेरीचं नीट सांग. लाजू नको."

लाजू नको! मी फोन ठेवला. ज्याने मला दार लावून कुजबुजायला लावलं, तो मला म्हणतो लाजू नको. आता पोरीला गरज पडली म्हणून धवळेरी आठवली.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला. मोटरसायकल लांब लावून चिखलातून चालत आला. वाईट माणूस नव्हता. दारात बूट काढले, पाणी मागितलं, फाईल मांडीवर ठेवून विचारायला लागला. देवांचं विचारलं, धान्याच्या देवीचं, कणसरीचं विचारलं, ते मी सांगितलं. मग म्हणाला, "आजी, तुमच्यात लग्न कोण लावतं?"

मी म्हटलं, "भटजी."

त्याने मान वर केली. "पहिल्यापासून?"

"आता सगळे भटजीच सांगतात."

"आणि धवळेरी असते ना वारल्यांत?"

"असेल कुठं. आमच्यात नाय."

"तुमच्या भावाचं लग्न कोणी लावलं?"

"पेठच्या भटजींनी. फोटो हायेत. बघायचेत?"

त्याने लिहून घेतलं. माझा अंगठा नको म्हणाला, सही येते का विचारलं. मी सही केली. अक्षर चांगलं आलं. तो गेला आणि मी नागली निवडायला बसले. सगळं खरं सांगितलं असंच मला वाटत होतं, कारण भटजी आले होते, फोटो होते.

नोटीस आली तेव्हा तू ती घेऊन गावी आलास. चष्मा लावून अंगणात उभ्याने वाचलीस. माझंच वाक्य मला वाचून दाखवलंस. 'अर्जदाराच्या आजोबांच्या भगिनी यांनी सांगितले की त्यांच्यात विवाह भटजी लावतात व धवळेरीची प्रथा नाही.' पुढे होतं, रीतिरिवाज जुळत नाहीत, दावा अमान्य का करू नये याचा खुलासा करा, आणि सुनावणीला हजर राहा.

तू ओरडशील असं मला वाटलं होतं. तू ओरडला नाहीस, तेच जास्त लागलं. तू बाजेवर बसलास.

"बाय, तू स्वतः धवळेरी. या पाच-सहा पाड्यांत कोणालाही विचार. आणि तूच सांगतेस आमच्यात नाय?"

मी म्हटलं, "तुझ्याच लग्नाचं सांगितलं. फोटोवालं."

"अगं, पोरीचं आयुष्य जाईल."

"चाळणी तूच मागितली होतीस."

"हो, मी मागितली!" तेव्हा मात्र तुझा आवाज चढला. "आणि अजूनही म्हणतो, पाहिजे. ती नसती तर रोहिणीची जागा आधीच कोणीतरी खाल्ली असती. चूक समितीची नाय. चूक कुठं झाली ते तुला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. मी सूप उचललं.

मग तू हळू बोललास. सुनावणीला चल, धवळा म्हणून दाखव, दोन ओळी, काम होईल. मी म्हटलं, "जोडी नसताना धवळा म्हणायचा नाही. आत्याने सांगितलंय. ऑफिसातल्या टेबलासमोर म्हणायला तो काय वाचून दाखवायचा अर्ज हाय?" तू म्हणालास, बरं, म्हणू नको, तोंडी तरी सांग. मग चपला घातल्यास. पुढचं वर लिहिलंच आहे.

तुझ्या नवव्या दिवशी सुनावणी होती. घरात म्हणाले, तारीख पुढे मागू. रोहिणी म्हणाली, पुढे मागितली तर कॉलेजची तारीख जाते. पोरगी रडत नव्हती. तुझी फाईल छातीशी धरून बसली होती. मी शेतात भाताच्या लावणीला आलेली माणसं शेजारणीवर सोपवली आणि निघाले. मंजुळाही उठली. मी म्हटलं, "तुझं काय काम? दिवस चालू हायेत." ती म्हणाली, "लग्न माझंही झालंय ना."

मोठी इमारत, गार फरशी. या वेळी मी चप्पल काढली नाही. टेबलामागे तिघं बसले होते, मधल्या बाई चौकशी करत होत्या. चष्मा डोक्यावर ठेवून त्यांनी फाईल उघडली आणि म्हणाल्या, "अर्जदाराच्या आजोबांचं प्रतिज्ञापत्र आहे." मला हे माहीत नव्हतं. रोहिणीलाही नव्हतं. त्यांनी वाचलं.

तू लिहिलं होतंस, 'बहिणीने चौकशीत दिलेली माहिती चुकीची आहे. ती मी शिकवली होती म्हणून तिने तशी दिली. मी शासकीय नोकरीत असल्याने आमच्या रीती बाहेर सांगायची मला लाज वाटे, आणि बाहेरच्याने विचारलं तर भटजी सांगायचं, असं मी तिला अनेक वर्षांपासून बजावून ठेवलं होतं. दोष तिचा नाही, माझा आहे.'

काशिनाथ, हे तू कधी लिहिलंस? बाजेवरून उठून एसटीत बसलास त्यानंतरच्या चार दिवसांत. आयुष्यभर तू सरकारी कागदावर एक खोटा शब्द लिहिला नाहीस. बाजारात कोणी वय दोन वर्षांनी कमी लाव म्हणालं तर अर्ज परत द्यायचास. आणि शेवटचा कागद असा लिहिलास, शपथेवर, शिक्का मारून. तू मला बजावलं नव्हतंस. चौकशीच्या आदल्या दिवशी तू मला उलटंच सांगितलं होतंस.

बाईंनी विचारलं, "आजी, हे खरं आहे?"

नाही म्हटलं तर तुझं प्रतिज्ञापत्र खोटं. मग बाकी कागदांवर कोण विश्वास ठेवणार? हो म्हटलं तर मेलेल्या माणसावर मी माझं पाप टाकलं. रोहिणी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "त्यानं लिहिलं ते लिहिलं. तो आता नाय. मी हाय. मला विचारा. मीच धवळेरी हाय."

मग बाई विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. चौक कोण लिहितं, आधी काय काढायचं, पाट कुठे, दिवा कुठे, तांदूळ कोणाच्या हातात. बाई भरभर लिहीत होत्या, मध्येच थांबायला सांगत होत्या. भावाच्या लग्नाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "त्याची दोन लग्नं झाली. पहाटे मी लावलं, दुपारी भटजींनी." शेजारचे साहेब म्हणाले, "पहाटेच्या लग्नाला साक्षीदार कोण?"

मागून मंजुळा उठली. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "मी हाय की. पहाटेचं लग्न खरं होतं. दुपारचं फोटोसाठी."

साहेबांना हसू आलं. त्यांनी तोंडावर हात धरला. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं ही बाई माझ्यासमोर वावरली, माझ्या हातचं खाल्लं, आणि हे मला कधी बोलली नाही.

बाई म्हणाल्या, "आजी, धवळ्याच्या दोन ओळी म्हणता का? जबरदस्ती नाही."

मी म्हटलं, "जोडी लागते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मंजुळा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लागला. हळूच म्हणाली, "अर्धी जोडी हाय ना. म्हण."

मी म्हटलं, काशिनाथ. आत्याचं सांगणं मोडलं की पाळलं, मला माहीत नाही. ओळी इथे लिहीत नाही, त्या लिहायच्या नसतात. पण कुजबुजले नाही. दार उघडं होतं, बाहेर बाकावर लोक बसले होते, शिपाई होता, सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. तुला वाटायचं ते हसतील.

दाखला परवा आला. कॉलेजची तारीख दोन दिवसांवर होती. रोहिणीने तो आधी मंजुळाच्या हातात दिला, मग माझ्या. सोबत समितीचा आदेश होता, सहा पानांचा. रोहिणी वाचून दाखवते म्हणाली. मी म्हटलं, मला येतं. बोट ठेवून सगळा वाचला, एक दुपार लागली. त्यात लिहिलंय, 'अर्जदाराच्या आजोबांच्या भगिनी स्वतः धवळेरी आहेत.' सरकारने लिहिलंय. आणि चौथ्या पानावर तुझं आहे, की त्यांची पहिली माहिती भावाच्या शिकवणीमुळे होती व समिती हे स्पष्टीकरण ग्राह्य धरते.

रोहिणी काल बॅग घेऊन कॉलेजला गेली. जाताना म्हणाली, "आजी, आजोबांनी तुला खरंच असं शिकवलं होतं?" मी म्हटलं, एसटी चुकेल, जा.

ती हे वाचेल. समितीच्या बाईंनी वाचलं तरी हरकत नाही. बाकी सगळं खरं आहे, आणि मी कुठे पळून जात नाही. फाईलमध्ये तुझं वाक्य राहू दे. इथे माझं लिहून ठेवते. काशिनाथने मला काही शिकवलं नव्हतं. त्याने खरं सांग म्हणून फोन केला होता. मी त्याच्या लग्नाचा राग धरून भटजी म्हटलं, आणि म्हणताना मला बरं वाटलं.

आणि तू विचारलं होतंस, सुनावणीला येशील ना. आले होते.